प्रिस्क्रिप्शन रिन्यू व्हायला उशीर होतोय, आईच्या गोळ्या संपत आल्यात. काय करावं?

निशिगंध:
आईला बीपीसाठी मेटोप्रोलॉल, थायरॉईडची गोळी आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे, सगळं कित्येक वर्षांपासून. रिन्यूअलची रिक्वेस्ट वेळेत टाकली होती पण डॉक्टर रजेवर आहेत आणि क्लिनिकमध्ये फोन केला की "पेंडिंग दिसतंय, डॉक्टर आले की बघतील" एवढंच उत्तर. गोळ्या या रविवारपर्यंत कशाबशा पुरतील. आई म्हणते मी बीपीची अर्धी अर्धी घेते म्हणजे जास्त दिवस जातील, मला ते काही पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. शेजारच्या काकूंनाही बीपीच्या गोळ्या आहेत, त्या देते म्हणाल्या. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, खरंच टेन्शन आलंय.

गोळीघर:
मी फार्मसीत काम करते. आधी आईंना सांगा, अर्धी गोळी अजिबात नको. मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर आहे, ते अचानक बंद केलं किंवा मनाने कमी केलं तर हृदयाचे ठोके वाढतात, बीपी उसळी मारतं आणि ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास आहे त्यांच्या छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. बंद करायचंच असेल तर डॉक्टर ते एक-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. आणि काकूंची गोळी तर नकोच, "बीपीची गोळी" या एकाच नावाखाली पूर्णपणे वेगवेगळ्या जातीची औषधं येतात, त्यांची कुठली आहे कुणाला माहीत.

तिन्ही गोळ्यांची घाई सारखी नाही हे पण लक्षात घ्या. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, शरीरात बरंच टिकतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एखाद-दोन दिवस चुकले तर लगेच काही बिघडत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन इतकं टिकत नाही, पण त्याचेही एखाद-दोन दिवस चुकले तर लगेच काही बिघडत नाही. म्हणजे सोडा असं नाही म्हणत हं, पण फोन करताना पहिलं नाव मेटोप्रोलॉलचं घ्या.

आता फोनवर काय बोलायचं. "रिन्यूअलचं काय झालं" असं विचारलंत की पेंडिंग हेच ऐकायला मिळणार. त्याऐवजी म्हणा, "मेटोप्रोलॉल रविवारी संपतंय, ते अचानक बंद करता येत नाही, डॉक्टर नाहीत तर त्यांच्या जागी कोण बघतंय, त्यांच्याकडून थोड्या दिवसांपुरतं लिहून मिळेल का?" रजेवरच्या डॉक्टरच्या जागी बहुतेक ठिकाणी कुणीतरी असतंच, पण रिसेप्शनवरून आपणहून सांगत नाहीत.

आणि नेहमीच्या फार्मसीत आजच जा, शेवटच्या दिवसाची वाट नका बघू. तिथे तुमचा जुना रेकॉर्ड असतो. बऱ्याच देशांत फार्मासिस्टला नेहमीच्या औषधाचा थोड्या दिवसांचा साठा इमर्जन्सी म्हणून देता येतो, नियम जागोजागी वेगळे आहेत पण विचारायला काहीच हरकत नाही. नाहीच देता आला तरी फार्मासिस्ट स्वतः क्लिनिकला फोन लावू शकतो आणि त्या फोनला जरा लवकर उत्तर मिळतं. जाताना जुनं प्रिस्क्रिप्शन आणि रिकामी स्ट्रिप घेऊन जा. स्ट्रिपवर नावापुढे एक्सएल, ईआर असं काही आहे का ते नीट बघा, मेटोप्रोलॉल साधंही येतं आणि हळूहळू सुटणारंही, दोन्हीचा डोस एकमेकांच्या जागी चालत नाही.

पाऊलवाट:
गोळीघर ताईंना +१. मला फिट्सचा त्रास आहे म्हणून यात एक भर घालते. फिट्सची गोळी असेल तर एक दिवससुद्धा "बघू उद्या" करू नका. माझी एकदा सुट्ट्यांच्या गडबडीत संपली होती, क्लिनिक बंद, मी सरळ इमर्जन्सीला गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी उलट बरं केलंत आलात म्हणून सांगितलं. इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, बरेच आठवडे चालू असलेलं स्टेरॉइड, ही पण त्याच यादीतली. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांचा नियम मात्र कडक असतो, त्या फार्मसीतून अशा सहज मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी आधीच हालचाल करावी लागते.

सदाफुली:
माझे वडील रक्त पातळ करायची अपिक्सॅबान घेतात. एक डोस राहून गेला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का?

गोळीघर:
नाही सदाफुली, दोन एकदम कधीच नाही. त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळेला. पण संपू मात्र देऊ नका, तिचा असर लवकर उतरतो, साधारण १२ तासांत निम्मी होते, म्हणून तर दिवसातून दोनदा असते. बंद पडली की गुठळी व्हायचा धोका परत वाढतो.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. गोळीघर ताई, तुम्ही सांगितलं तसंच फोनवर बोलले, अगदी तेच शब्द, आणि त्यांनी लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मेटोप्रोलॉल आज संध्याकाळी मिळतंय, बाकी दोन डॉक्टर परत आल्यावर. आईने अर्ध्या करून डबीत ठेवलेल्या गोळ्या होत्या, त्यांचं काय करू? स्ट्रिपवर एक्सएल लिहिलंय.

गोळीघर:
छान झालं, ऐकून जीव भांड्यात पडला. ते अर्धे तुकडे फार्मसीत दाखवा. काही कंपन्यांच्या एक्सएल गोळ्या मधल्या रेषेवर तोडलेल्या चालतात, काहींच्या नाही, आणि चावून किंवा कुटून तर कुठलीच घ्यायची नाही कारण मग सगळं औषध एकदम सुटतं. आणि पुढच्या वेळी रिक्वेस्ट टाकली की दोन-तीन दिवसांनी ती पुढे सरकली का ते फोन करून बघाच, नुसती टाकून ठेवली की कुणाच्या तरी यादीत तशीच पडून राहते.