प्रोटोकॉल म्हणजे डोकं गहाण ठेवणं? (सोलापूरची आयसीयू)

सातरस्ता_इंटेन्सिव्हिस्ट: काल इथे एका दादांनी लिहिलं, "आयसीयूत हल्ली डॉक्टर नाही, छापील कागद पेशंट बघतो. प्रोटोकॉल म्हणजे डोकं गहाण ठेवणं." उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. प्रोटोकॉल म्हणजे कुठल्या पेशंटला काय, कधी, किती द्यायचं याची आधी ठरवून लिहिलेली पद्धत. रात्री अडीचला मोहोळहून पेशंट येतो, ड्युटीवर एकटा आरएमओ (हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर), कन्सल्टंट म्हणजे मोठे डॉक्टर घरी. तेव्हा कुणाचा अनुभव कामाला येणार? एआरडीएसचंच घ्या, म्हणजे फुफ्फुसं सुजून पाण्याने भरतात आणि श्वास पुरत नाही तो आजार. व्हेंटिलेटरवर दर श्वासाला किलोमागे 12 ऐवजी 6 मिली दिले आणि मृत्यू 39.8 वरून 31 टक्क्यांवर आले. अमेरिकेतला अभ्यास, 2000 साल, 861 पेशंट. किलो म्हणजे काट्यावरचं वजन नाही, उंचीवरून काढलेलं. आपल्याकडे किती बेडजवळ उंची मोजायची टेप असते? अंदाजाने आकडा टाकायचा आणि जाड माणसाचं फुफ्फुस फुगवायचं, याला अनुभव म्हणायचं का? मिशिगनमध्ये सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना हात धुणं, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणं, पेशंटवर पूर्ण निर्जंतुक कापड, मांडीतली लाइन टाळणं, गरज संपली की काढणं, एवढंच नेमाने पाळलं. लाइनमुळे होणाऱ्या इन्फेक्शनचा मध्यक (सगळ्या आयसीयूंतला मधला आकडा) हजार लाइन-दिवसांमागे 2.7 वरून शून्यावर आला; एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस.

बार्शीचा_फिजिशियन: सर, सोयीचेच अभ्यास सांगू नका. 2001 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात सेप्सिसचा (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तो आजार) सहा तासांचा प्रोटोकॉल यशस्वी झाला आणि सगळे त्याच्यामागे लागले. 2014-15 च्या तीन मोठ्या चाचण्यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा काडीचा फायदा दिसला नाही. झांबियात तर सेप्सिससाठीच्या भरपूर सलाइनच्या प्रोटोकॉलने 48 टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत 33. तिथे व्हेंटिलेटरची वानवा होती, आपल्या तालुक्यांत काय वेगळं आहे? माझ्याकडे डायलिसिसचे एक आजोबा रेफर होऊन आले, प्रोटोकॉलमधल्या किलोमागे 30 मिलीच्या हिशोबाने दोन लिटर सलाइन चढवून. छाती पाण्याने भरलेली.

अक्कलकोट_रोड: अभ्यास ठेवा बाजूला. आमच्या वडिलांचं रोज पहाटे रक्त काढायचे. का विचारलं की "प्रोटोकॉल आहे". भेटू का म्हटलं तरी प्रोटोकॉल, बिलाचा तपशील मागितला तरी प्रोटोकॉल. आईच्या पाटल्या मोडल्या.

नाइट_ड्युटी_सिस्टर: दादा, रक्त काढते मीच, बोलणीही मीच खाते. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटमागे एक सिस्टर हवी. आमच्याकडे रात्री एकीवर चार. डोकं 30 अंश वर, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, वर चेकलिस्ट. शिफ्ट संपताना चेकलिस्टवर 'झालं'च्या सगळ्या खुणा एकदम पडतात. ब्राझीलमध्ये 118 आयसीयूंच्या चाचणीत चेकलिस्टने मृत्यू कमी झाले नाहीत, यात नवल काय?

सातरस्ता_इंटेन्सिव्हिस्ट: अक्कलकोटवाले, रोज ठरवून रक्त काढा असं कुठलाच चांगला प्रोटोकॉल सांगत नाही. उलट, नेमक्या कारणाशिवाय तपासण्या करू नका, हे अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर संघटनांनी 2014 मध्येच सांगितलंय. काउंटरवरच्या माणसाचा शब्द आमच्या माथी मारू नका!

अक्कलकोट_रोड: त्याला काउंटरवर बसवलं कुणी? वडील गेले त्या रात्रीही आम्ही तोच शब्द ऐकला. एवढा चांगला कागद असेल तर मराठीत आयसीयूच्या दारावर लावा की. कुठली तपासणी का केली, नातेवाइकांना कधी भेटायचं, सगळं.

अशोक_चौक: पुण्याला कधी हलवायचं तेही लिहा. आमच्या मामांना शेवटच्या घटकेला काढलं, टेंभुर्णीच्या पुढे काही गेले नाहीत.

बार्शीचा_फिजिशियन: दारावर लावायला माझी हरकत नाही. लाइनचं आणि 6 मिलीचंही मान्य, नाइलाजाने. पण सलाइन थांबवली तर कारण फाइलमध्ये लिहायची मुभा हवी. वरून मेमो नको.

सातरस्ता_इंटेन्सिव्हिस्ट: मुभा आहेच. कारण लिहा, खाली मी सही करतो.

नाइट_ड्युटी_सिस्टर: सही करा सर. पण एकीवर चार पेशंट चालणार नाहीत, हे मॅनेजमेंटला कोण सांगणार? तुम्ही जाणार असाल तर मी सोबत येते.