लॉगिनची किल्ली कुणाकडं? कंपनीतला सर्व्हर का क्लाउड?

शिरोली_नाका: मंडळी, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं आयटी मी एकटाच बघतो. शंभरभर कॉम्प्युटर, कंपनीतल्या सर्व्हरवर जुनी अॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी यादी), मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आणि टॅली आपली वेगळी चूल मांडून बसलेली. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, लाईट गेली, यूपीएस किती टिकणार, सर्व्हर बंद. आणि घरी बसलेल्या माणसाला लॉगिन करून मेलसुद्धा बघता येईना! कारण आमचं पास-थ्रू होतं, म्हणजे क्लाउडवर टाकलेला पासवर्ड तपासायला आमच्याच सर्व्हरकडं यायचा. मेल ढगात, किल्ली पुरात. तवापासनं माझं मत पक्कं झालंय, एडी काढून टाका आणि सगळी खाती थेट एन्ट्रा आयडीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या यादीत ठेवा, तेच ते २०२३ पर्यंत ज्याला अझ्युर एडी म्हणायचो. बोला.

उद्यमनगरकर: भावा, पुराचा राग एडीवर काढायलायस. पासवर्ड हॅश सिंक, म्हणजे पासवर्डचा हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) क्लाउडवर पाठवणं, लावलं असतंस तर सर्व्हर बुडाला तरी मेल उघडला असता. खरा पासवर्ड वर जातच नाय, हॅशवर परत हॅश करून दर दोन मिनिटाला जातंय. आणि तुझ्या धातू तपासायच्या स्पेक्ट्रोमीटरला विंडोज ७ चा पीसी असणार, पैज लाव. एन्ट्राला जॉईन व्हायला विंडोज १० तरी पायजे. मग त्याला काय करणार, रंकाळ्यात सोडणार?

शिरोली_नाका: पैज जिंकलास 😅 एक नाय, दोन हायत. पण त्या दोन डब्यांसाठी शंभर जणांची खाती दोन ठिकाणी सांभाळायची? परवा एक जण नोकरी सोडून गेला, एडीत खातं बंद केलं, क्लाउडवर सिंक व्हायला अर्धा तास, आणि त्यानंतर पण त्याच्या मोबाईलवर मेल चालूच!

ताराराणी_चौक: दादा, ते टोकन असतं, म्हणजे एकदा लॉगिन झालं की मिळणारा पास, आधी मिळालेलं टोकन तासभर तरी चालतं. खातं दोन्हीकडं हातानं बंद करायचं आणि सेशन रिव्होक करायचं, म्हणजे चालू लॉगिन तोडायचं, सिंकची वाट बघत बसायचं नाही. पण मला सांगा, माणूस गेला हे तुम्हाला कळलं कधी? मी एचआरमध्येच आहे म्हणून बोलते, आमच्याकडं आयटीला कळतं ते फायनल सेटलमेंटची फाईल फिरत फिरत आली की. तोवर दीड महिना झालेला असतो आणि तुम्ही इथं अर्ध्या तासावरनं भांडताय.

उद्यमनगरकर: ताई, एक नंबर बोललासा. आणि शॉपफ्लोअरला तीन शिफ्टला मिळून एकच आयडी, पासवर्ड खडूनं पॅनेलवर लिवलेला, त्याचं काय?

शिरोली_नाका: पॅनेलवर नाय, फळ्यावर हाय आमच्यात. वेगवेगळे आयडी द्यावे तर मोल्डिंगला फोन न्यायला बंदी, ओटीपी घेणार कशावर? मालकाकडं सिक्युरिटी कीचा (फोनऐवजी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) खर्च मागितला तर म्हणतो एवढ्यात दोन कूलंट पंप येतील.

ताराराणी_चौक: सगळ्यांना नको, आधी शिफ्ट सुपरवायझरना द्या. आणि क्लाउडवरच तयार केलेली दोन आणीबाणीची अॅडमिन खाती ठेवलीत का, एडीशी संबंध नसलेली? परत पाणी आलं तर होडी लागेल ना.

शिरोली_नाका: एकच हाय. आणि त्याची सिक्युरिटी की सर्व्हर रूमच्या कपाटात. खालच्या मजल्यावर.

उद्यमनगरकर: 🙏 नाद खुळा.