मोठ्या माशासाठी चार हजारांत रॉड आणि रीळ: पैसा कशावर घालायचा?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या गल्लीतल्या एका पोरानं विचारलं, "दादा, चार हजार जमवलेत, कृष्णेतल्या मोठ्या कटल्यासाठी काय घेऊ?" मी सांगितलं, हजारापर्यंतचा फायबरचा रॉड घे, बाकी सगळे रीळ आणि तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्यावर घाल. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना हे मुळीच पटलं नाही. म्हणून इथं मांडतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. दहा किलोचा कटला किंवा रोहू गळाला लागला की पहिल्या धावेत कुणाच्या बापाला थांबत नाही. त्या वेळी तंगूस वाचवतो तो रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला तंगूस सुटू देणारा ब्रेक. ०.४० मिलिमीटरचा तंगूस साधारण नऊ-दहा किलोला तुटतो, गाठीत त्याहून लवकर. म्हणून ड्रॅग अडीच-तीन किलोवर लावायचा. तंगुसाचं टोक वजनाच्या लटकत्या काट्याला बांधायचं, रॉड वाकवून ओढायचं आणि रीळ कितीला सुटतं ते बघायचं. स्वस्तातल्या रिळात ड्रॅगला नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चकत्या असतात. त्यात पाणी शिरलं की ड्रॅग आधी घसरतो, मग अडकतो, मग एकदम सुटतो. मासा जातो तो त्या अडकण्याच्या क्षणाला.

दुकानात बघायचं ते एवढंच: ड्रॅग निम्मा आवळा आणि तंगूस हातानं सावकाश ओढा. एकसारखा सुटला तर घ्या, हिसके देत सुटला तर जागेवर ठेवा. खोक्यावर तेरा बेअरिंग लिहिलंय की पाच, याला भुलू नका. रिळाची ४००० किंवा ५००० साईज पुरते, दीडशे-दोनशे मीटर तंगूस मावला म्हणजे झालं. शिमानो, दायवा यांची सगळ्यात साधी रिळं दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतात, ती चांगली वर्षं काढतात.

कराडकर
दादा, रिळाचं शास्त्र बरोबर आहे, हिशेब चुकलाय. हजाराच्या आतला रॉड म्हणजे बहुतेक वेळा घडीचा टेलिस्कोपिक. त्याच्या पेरांत वाळू गेली की तो ना उघडतो ना मिटतो. शेंडा एवढा पोकळ आणि पातळ असतो की मोठ्या माशाच्या वजनाला पहिल्या दोन पेरांतच वाकून बसतो, खालचा दांडा कामालाच येत नाही.

कटल्याचे ओठ मऊ असतात. काठी एकसारखी, मुठीपर्यंत वाकली पाहिजे, नाहीतर गळ ओठ फाडून बाहेर येतो. ड्रॅग सुटायला लागण्याआधीचा जो पहिला झटका असतो, तो रॉडच झेलतो. आणि तंगूस ज्यांतून जातो त्या रिंगा! स्वस्त रॉडच्या रिंगेतल्या चिनी मातीच्या कड्याला बारीक तडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा रिंगेतून फिरवून बघा, तंतू अडकला की समजा तिथं तंगूस सोलला जाणार. मग तुमचं अडीच हजारांचं रीळ काय करेल?

माझ्या मते दोन तुकड्यांचा, फायबर आणि कार्बन मिसळलेला, नऊ-दहा फुटांचा रॉड घ्यावा. त्याला दोन हजारांच्या पुढं गेलं तरी चालेल. आमच्या कराडच्या प्रीतिसंगमाच्या खाली मासा शंभर मीटर पळाल्याचं मी बघितलेलं नाही. तेवढ्याला दीड हजाराचं रीळ पुरतं.

कृष्णाकाठ (सांगली)
टेलिस्कोपिक घ्या असं मी म्हटलेलं नाही. साधा भरीव फायबरचा दोन तुकड्यांचा रॉड त्या पैशात मिळतो. जड असतो, पण मोटारसायकलला बांधून नेताना ठोकर लागली तरी टिकतो. कार्बनला एक बारीक टवका उडाला की पुढच्या जोराला तो तिथूनच मोडतो.

रॉड वाकतो तो ठरावीक हद्दीपर्यंत. त्यानंतर माशाला द्यायला त्याच्याकडं काही उरत नाही. ड्रॅगकडं दीडशे मीटर तंगूस असतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. मासा तंगूस नेत जातो तशी रिळावरची गुंडाळी बारीक होते आणि ड्रॅगला हात न लावताही ताण वाढत जातो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट. म्हणूनच मासा लांब गेल्यावर ड्रॅग आवळणारे तंगूस तोडून घेतात. हिसके देणाऱ्या रिळावर हा वाढलेला ताण सांभाळणं अवघड.

भिलवडीचा
तुम्ही दोघं ज्या गोष्टीवर भांडताय ती आमच्याकडं दुसऱ्या नंबरची. आमच्या पट्ट्यात, औदुंबर, आमणापूरपासून खाली डिग्रजपर्यंत, नदीत मगरी आहेत. माणसं गेलीत. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की त्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाच्या काठावर पसरलेल्या दिसतात.

म्हणून इथं रॉडची पहिली अट लांबी. दहा-अकरा फुटांचा घ्या. काठ उंच आणि भुसभुशीत असतो, त्यामुळं आखूड काठी असली की माणूस आपोआप खाली पाण्याकडं सरकतो. दमलेला मासा काठाशी फडफडायला लागला की त्या आवाजाला काय येईल सांगता येत नाही. मासा हातानं उचलायला गुडघाभर पाण्यात उतरणं म्हणजे जीव पणाला लावणं. चार हजारांतले पाचशे लांब दांड्याच्या हातजाळीसाठी आधी बाजूला काढा, मग रॉड-रिळाचा वाद घाला. मगर दिसली तर गाशा गुंडाळा, दगड मारू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला पूर्ण संरक्षण आहे आणि नदी तिचीही आहे.

हातदोरा
माझे वडील हरिपूरच्या संगमावर हातदोऱ्यानंच मोठे शिंगाडे मासे काढायचे. ना रॉड, ना रीळ. पत्र्याच्या डब्याला गुंडाळलेला तंगूस, शिसं, गळ आणि गांडूळ. मासा ओढायला लागला की बोटांतून दोरा सोडायचा, थांबला की घ्यायचा. बोटाएवढा चांगला ड्रॅग कुठल्या कंपनीनं बनवलेला नाही. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याला चार हजारांचा आकडा सांगून घाबरवू नका. दीडशे रुपयांत सुरुवात होते.

कराडकर
काका, बोटांच्या ड्रॅगबद्दल तुमचं खरं आहे. शिंगाडा, वाम, मृगळ हे तळाचे मासे, त्यांना हातदोरा चालतो. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर उघडणारं. त्याच्यासाठी शेंगपेंडेचा गोळा तरंगत्या बुचाखाली धरून लांब, पाणगवताच्या पलीकडं टाकावा लागतो. ते हातानं होत नाही. शिवाय मोठ्या माशाला ओला तंगूस बोटं कापतो, नव्या पोरांना हातमोजा घालायला तरी सांगा.

वाईची माधवी
एक गोष्ट सगळ्यांच्याच हिशेबातून सुटलीये. सांगलीला तळ गाळाचा आहे, आमच्याकडं कातळ. सध्या सगळी पोरं ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या मागं लागलीत, बारीक आणि मजबूत म्हणून. तो ताणला जात नाही आणि खडकाच्या धारेवर घासला की पटकन तुटतो. वाईपासून वर साधा तंगूसच बरा, किंवा ब्रेडच्या पुढं दोन-तीन हात जाड तंगूस जोडा. पैसा रॉडवर घाला की रिळावर, शेवटचे ते दोन हात खरवडले की कापून नवी गाठ मारायची, हे कंटाळा न करता केलंच पाहिजे.

आणि वरच्या भागात गळाला खडशी, म्हणजे आपला महसीर लागला तर सोडून द्या. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून सोडतात, एवढी मेहनत लागते त्याला. सोडायचाच असेल तर जाड तंगूस आणि भक्कम रीळ हवं, म्हणजे मासा लवकर काठाला येतो. बारीक दोऱ्यावर खेळवत बसलं की तो दमून, सोडल्यावरही मरतो. या एका कारणासाठी मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं आहे. धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडं असतो, तिथं आधी विचारूनच बसा. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालायला वर चढणारे मासे तर धरूच नयेत.

मिरजवाला
कार्बनबद्दल कुणी बोललं नाही ते सांगतो. कार्बनमधून वीज जाते. आपल्या नदीकाठी शेतीपंपांच्या तारा किती खाली लोंबतात ते सगळ्यांना माहीत आहे. दहा फुटांची काठी खांद्यावर उभी धरून पंपाच्या मोटारींच्या जवळून चालू नका, आडवी धरा. वळवाचे ढग गडगडायला लागले की कुठलाही रॉड खाली ठेवून काठ सोडा. ओल्या बांबूलाही हेच लागू.

कृष्णाकाठ (सांगली)
लांबीचा आणि हातजाळीचा मुद्दा मला पूर्ण मान्य. त्या पोराला आता असं सांगतो: दहा फुटी फायबर अकराशेपर्यंत, रीळ दोन हजार, तंगूस आणि गळ चारशे, उरलेल्या पाचशेत जाळी. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा, आवळलेला राहिला तर चकत्या चिकटतात.

कराडकर
अकराशेच्या रॉडच्या रिंगा कापसानं तपासल्याशिवाय त्याला पैसे देऊ देऊ नका. एकही तंतू अडकला तर दुसरा मागा. रिळाचे दोन हजार मला अजून पटलेले नाहीत. मी असतो तर रॉडला सतराशे आणि रिळाला चौदाशे घातले असते.