पिकअपचं इंजिन काम: पार्ट किती, मजुरी किती?

माझ्या पिकअपने पावणेतीन लाख किलोमीटरला इंजिन काम काढलंय. मेस्त्री म्हणतो, ९० हजार धरून चला. गाडीला बाजारात मिळतील जेमतेम दोन लाख. हात घालावा का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी पार्ट, मजुरी आणि गाडी किती दिवस उभी राहिली ते सुटंसुटं लिहा. ‘आमच्याकडे स्वस्तात होतं’ एवढंच नको.

*

आमची गाडी टोमॅटोवर. नारायणगावहून आळेफाटा, माळशेज उतरून वाशी. ऑइल खायला लागली तेव्हा मेस्त्रीने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवलं. झाकण थडथड नाचायला लागलं आणि खालून धूर. “पिस्टनच्या रिंगा गेल्या.” मला वाटलं, रिंगांवर भागेल. इंजिन उतरवून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बाहेर काढला, मेस्त्रीने त्यावर अंगठ्याचं नख फिरवलं आणि नख अडकलं, म्हणजे चरे पडलेले. हिशोब तिथेच फिरला. पिस्टन, रिंगा, स्लीव्ह, बेअरिंग, ऑइल पंप, गॅस्केट किट मिळून ४१ हजार. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) आणि क्रँक ग्राइंडिंगचे लेथवाल्याने १३ घेतले, डिझेल पंप-नोजलचे ११ वेगळे. मजुरी १४. झाले ७९ हजार.

पण गाडी १९ दिवस उभी, तीही ऐन सीझनला, त्यातले बरेच दिवस लेथवर नंबर लागेना म्हणून. माल तर थांबत नाही. दुसऱ्याची पिकअप लावली, तिचं भाडं ५२ हजार. आणि मी घासाघीस केली ती त्या १४ हजारांत! मेस्त्री आणि पोऱ्या, दोघं सहा दिवस राबले होते.

*

सांगलीकडचा. रेडिएटरचा होज फुटला, टेंपरेचरचा काटा लालमध्ये, तरी ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणत सहा किलोमीटर हाकली. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं. फेसिंग करून (घासून सपाट करून) बसवलं, चार महिन्यांत परत पाणी प्यायला लागली. हेडला बारीक चीर होती. प्रेशर टेस्ट नको, असं मीच म्हणालो होतो. उघडायची मजुरी दुसऱ्यांदा पूर्ण गेली.

*

टेक्सासमधून. इथे उलटं आहे, मजुरीच गाडी खाते. काही डिझेल पिकअपना इंजिनच्या मागच्या बाजूला हात शिरत नाही, म्हणून हेडच्या कामाला अख्खी केबिनच चेसिसवरून उचलतात. माझी गाडी तशी लोंबकळताना पाहून वाटलं, भंगारात काढली की काय. ३० तास, तासाला १७० डॉलर. ५,१०० नुसती मजुरी. हे तास घड्याळाचे नाहीत बरं का, त्या कामाला ठरवून दिलेले असतात. मेकॅनिकने लवकर उरकलं तरी बिल तेवढंच.

*

मी स्वतः मेस्त्री. ‘रिंगा तेवढ्या टाका’ हे रोज ऐकतो. बोअर लंबगोल झालेला असेल तर नव्या रिंगा टाकून काय उपयोग? थोड्या दिवसांत परत धूर. आणि मॅनिफोल्डचा (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा) गंजलेला स्टड, म्हणजे बोल्ट, तुटला की ड्रिलने काढायला अर्धा दिवस जातो. त्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, तोडला तुम्हीच.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. आत्ताच झाकण सैल करून बघितलं. नाचतंय.