प्रति: इंजिनापेक्षा तोल महत्त्वाचा

वर कुणीतरी लिहिलंय की राइट बंधूंचं इंजिन ताकदवान होतं म्हणून त्यांचं विमान उडालं. उलट आहे हो! इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचं, त्यांच्याच सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने सहा आठवड्यांत घडवलेलं. त्यांचे प्रतिस्पर्धी, अमेरिकन शास्त्रज्ञ लँग्लेसाहेब यांच्याकडे ५२ अश्वशक्तीचं इंजिन होतं, शिवाय सरकारचे ५० हजार डॉलर. त्यांचं यान १९०३च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला थेट पोटोमॅक नदीत!

खरी गोम तोल सांभाळण्यात होती, आणि ती सायकलवाल्यांना कळावी यात मला तरी नवल वाटत नाही. दुकानात ट्यूबचं रिकामं खोकं हातात घेऊन थोरला भाऊ विल्बर ते सहज पिळत होता, त्यातून पंख पिळायची कल्पना निघाली. चालक पालथा झोपायचा. कंबर डावी-उजवीकडे सरकवली की तारा ओढल्या जाऊन पंखांची टोकं मुरडायची आणि कलणारं विमान सावरता यायचं.

१७ डिसेंबरचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंद टिकलं, ८५२ फूट गेलं. मग जमिनीवर उभ्या विमानाला वाऱ्याने असं काही लोळवलं, की ते पुन्हा उडालंच नाही.