भित्री मांजर आणि दांडगा बोका: आधी बोक्याचं बघा

बाहेरचा दांडगा बोका घरापाशी येऊन तुमच्या भित्र्या मांजरीला त्रास देत असेल, तर बरेच जण त्याला पाणी मारून हाकलायला सांगतात. त्याने तो तेवढ्यापुरता पळेल, पण खिडकीआड बसलेली तुमची मांजर आणखी घाबरेल. असा बोका बहुतेक वेळा नसबंदी न झालेला असतो. भांडतो तो हद्दीसाठी आणि माद्यांसाठी. स्थानिक प्राणिमित्र संस्थेकडून पिंजरा मिळाला तर त्याची नसबंदी करून घ्या. फरक पडायला काही आठवडे जातात, पण बहुतेक बोके बरेच निवळतात. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर नसबंदी आधीच झालेली असते.

तोवर बाल्कनीला जाळी लावाच. खालच्या काचांना कागद चिकटवा. बोका नुसता दिसला तरी भित्री मांजर खाणं सोडते. आमच्याकडची तर कपाटावरून उतरायचीच नाही, शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखी फुललेली. मग वाटी वरच ठेवली. दारापाशी त्याने मुतून ठेवलं असेल तर फिनाईलने पुसू नका, मांजरांना ते विषारी असतं. एन्झाइमवालं, म्हणजे मुताचा वास मोडणारं क्लीनर वापरा.

आणि बोका मांजरीला चावला तर! दाताचं भोक बारीक असतं, वरून लगेच मिटतं आणि दोन-चार दिवसांत आत पू होतो. केस बाजूला करून मान, पाय आणि शेपटीचं मूळ चाचपा. गरम किंवा सुजलेलं लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रेबीजच्या लशीचंही विचारा. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजर दगावते.