अजिंक्यतारा की घरची भिंत? बीपीसाठी काय धरायचं

चारभिंतीवाला: साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाजवळ ‘चार भिंती’ या ठिकाणी पहाटे जमणाऱ्या आमच्या मंडळींचा एकच सल्ला असतो: बीपी आहे ना, मग गड चढा. मला तो आता पुरेसा वाटत नाही. २०२३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. चालणं-पळणं-सायकलने वरचं बीपी (मोजताना येणारा मोठा आकडा) सरासरी ४.५ ने उतरलं. वजनं उचलूनही जवळपास तेवढंच, आणि दोन्ही केलं तर ६ ने. पण भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबणं, मूठ आवळून धरणं अशा स्थिर व्यायामाने ८.२ ने! मी गड सोडला. दोन मिनिटं भिंतीला टेकून बैठक, दोन मिनिटं विश्रांती, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. मांड्या लटलट कापतात, पण पाव तासात काम उरकतं.

यवतेश्वर घाट: गड सोडला हे चुकलंच तुमचं. त्याच आढाव्यात खालच्या बीपीसाठी पळणं सरस ठरलंय, ते का गाळलंत? शिवाय स्थिर व्यायामाच्या चाचण्या त्यात थोड्याच आहेत. आणि बीपी एकटं कुठे येतं? बरोबर साखर असते, पोट असतं. त्याला आठवड्याला दीडशे मिनिटं घाम काढणारं चालणंच हवं. भिंत धरा, पण चालण्याच्या जोडीला.

शाहूपुरीची सून: घाट चढणाऱ्यांना हे बोलणं सोपं आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, आणि जुलैच्या पावसात त्यांना बाहेर कोण सोडणार? डॉक्टरांना विचारून त्या स्वयंपाकघरात नॅपकिनची गुंडाळी मुठीत दाबून धरतात, दोन-दोन मिनिटं. पूर्ण ताकदीने नाही, साधारण एक तृतीयांश जोराने. गोळी चालूच आहे. ज्याला चढवत नाही, त्याने काहीच करू नये का?

तालमीतला: करावं, पण दम कोंडू नये! सगळे आकडे सांगताहेत, ही गोष्ट कुणीच बोललं नाही. जोर लावून श्वास रोखला की त्या क्षणी बीपी एकदम चढतं. आमचे वस्ताद म्हणूनच मोठ्याने आकडे मोजायला लावायचे. बीपी आटोक्यात नसलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिंतीला टेकूच नये.

चारभिंतीवाला: मोजायचं पटलं, उद्यापासून मोठ्याने मोजेन. खालच्या बीपीचं मी लिहायला हवं होतं, हेही मान्य. पण घाटवाले, नोकरी करून रोज गड कुणाला जमतो? भिंतीची पंधरा मिनिटं मी दोन महिन्यांत एकदाही चुकवली नाहीत. गड आठवड्यातून दोनदा तरी चुकायचा.